गोवराच्या साली सोमनाथचा भोंगा

नारायणगावच्या एसटी स्टँडासमोरच्या गल्लीत माझं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ, टेपरेकॉर्डर, मांडववाल्यांचे कर्णे, देवळातला माइक, जे जे बोलायचं बंद होतं ते माझ्याकडे येतं. सोमनाथ पहिल्यांदा आला तो चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमारास, काखेत एक भंगारातला भोंगा धरून. पत्रा गंजलेला, आतला पडदा फाटलेला. मी म्हणालो, हा काही वाजायचा नाही. तर म्हणाला, "सुदर्शनभाऊ, वाजवायचं काम माझं. तुमी फकस्त जोडून द्या."

तेव्हा तो काळ्या-पिवळ्या जीपवर क्लीनर होता. जीप भरेपर्यंत स्टँडाबाहेर उभं राहून 'आळेफाटा, आळेफाटा' असा पुकारा करायचा. बाकीची पोरंही तेच ओरडायची, पण सोमनाथ ओरडला की ज्याला आळेफाट्याला जायचं नसेल तोसुद्धा वळून बघायचा. पुढे एका कापड दुकानदारानं त्याला सेलची जाहिरात करायला बसवलं आणि तिथून त्याचा धंदा सुरू झाला. गावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या असायच्या. तिथं बसून त्यानं शब्द कुठं ताणायचा आणि कुठं सोडायचा ते ऐकून ऐकून उचललं. मग जुनी जीप घेतली, टपावर दोन भोंगे बांधले. जत्रा, कुस्त्यांचा फड, ग्रामपंचायतीची पाणीपट्टी, हरवलेली म्हैस, सगळं तो पुकारायचा. एक खोड होती. 'येत्या शनिवारी, ठीक सायंकाळी, आपल्या सर्वांच्या लाडक्या' इथवर बोलून तो जीप पुढं काढायचा. उरलेलं ऐकायला पोरं जीपमागं धावायची आणि मोठी माणसं गुपचूप कोपऱ्यापर्यंत चालत यायची.

त्याचं घर पेठ गावाजवळच्या धनगरांच्या वस्तीवर. घर म्हणजे नावाला. वडील बिरदेव, आई तानूबाई, धाकटा भाऊ गेणू आणि त्याची बायको नंदा, ही सगळी वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन रानोमाळ. ज्याचं पीक निघालं त्याच्या रानात मेंढरं बसवायची, खत पडायचं, शेतकरी बदल्यात धान्य द्यायचा, मग वाडा पुढच्या शिवारात. मेंढरांच्या त्या मुक्कामाला वाडा म्हणतात. सोमनाथनं मेंढरं सोडली तेव्हा बिरदेवानं भांडण केलं नव्हतं. फक्त त्यानंतर सोमनाथच्या कामाविषयी कधी काही विचारलं नव्हतं. कुणी पाहुण्यानं चौकशी केली तर म्हणायचा, थोरला भोंग्यावर असतो. त्यापुढं एक शब्द नाही.

दोन हजार तीन साली, होळीच्या आधी, आमच्या भागात गोवराची साथ आली. गोवर काही नवा नव्हता. जुन्या बायका त्याला आजार म्हणतच नसत, घरात बाया, म्हणजे देवी, आल्या म्हणत. दाराला कडुलिंबाचे डहाळे लावायचे, तळण-फोडणी बंद, परक्या माणसाला आत घ्यायचं नाही, आणि पोर बरं व्हायची वाट बघायची. पण त्या वर्षी वस्त्यांवस्त्यांवर पोरं एकामागून एक पडायला लागली. एकाला छातीत कफ होऊन मंचरला हलवावं लागलं. तेव्हा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं की ज्या शिवारात गोवर दिसतोय तिथं जाऊन लस द्यायची आणि त्याआधी पुकारा करायचा. पुकाऱ्याला सोमनाथला बोलावलं.

त्याला टाइप केलेला एक कागद दिला होता. 'सर्व पालकांना सूचित करण्यात येते की' अशी सुरुवात होती. सोमनाथनं तो वाचला आणि खिशात घातला. असं कोण ऐकणार, असं त्याला वाटलं. त्यानं स्वतःचं रचलं. खोडद गावाच्या पुढं, रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांच्या तारेच्या कुंपणापासून जवळच, एक वस्ती आहे. तिथल्या शाळेच्या पडवीत लस द्यायची होती. सोमनाथ वस्तीत शिरला तोच मुळी 'सावधान, सावधान, सावधान' करत. मग श्वास रोखून, 'तुमच्या उंबऱ्यावर उभा आहे, तुमच्या काळजाच्या तुकड्यावर टपलेला आहे' आणि तिथं नेहमीप्रमाणे जीप पुढं काढली.

परिणाम झाला तो असा. अर्ध्या बायकांनी पोरं आत घेऊन कड्या लावल्या. एक जण नवऱ्याला एम-एटी गाडी काढायला लावून तिथल्या तिथं माहेरी निघून गेली. एका म्हातारीनं ठरवून टाकलं की जीपवाल्यांनीच गोवर आणलाय, आधी नव्हता. उरलेल्या सगळ्या एकदम शाळेत घुसल्या. कुणाच्या कडेवर चार महिन्यांचं बाळ, कुणाच्या हाताला दहा वर्षांचं पोर, आणि त्या गर्दीच्या मधोमध एक बाई, तिच्या खांद्यावर तापानं फणफणलेलं, डोळे लाल झालेलं, अंगभर पुरळ उठलेलं लेकरू. त्याला खोकला येत होता आणि भोवती दहा-बारा धडधाकट पोरं. नर्स तेजस्विनी सिस्टरनी आधी त्या बाईला हाताला धरून बाहेर झाडाखाली नेलं, पोराला तपासलं, औषध दिलं. परत येईपर्यंत रांगेत ढकलाढकली होऊन निम्म्या जणी निघून गेल्या होत्या. या लसीची कुपी एकदा फोडली की काही तासांत वापरावी लागते. त्या दिवशी बरीच लस फेकून द्यावी लागली.

तिन्हीसांजेला सोमनाथ माझ्या दुकानात आला. जीपमधून सिस्टरही उतरल्या, कारण त्या नारायणगावातच राहायच्या आणि त्यानंच त्यांना आणलं होतं. ॲम्प्लिफायर तापतोय म्हणून त्यानं तो टेबलावर ठेवला, पण ॲम्प्लिफायरला काही झालेलं नव्हतं. तो बसून राहिला. मी चहा सांगितला.

सिस्टर तिशीच्या आत-बाहेरच्या, मंचरकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या, बोलणं शांत. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. चहाचा कप हातात धरून त्या म्हणाल्या, "सोमनाथभाऊ, तुमचं ऐकून मीच घाबरले हो. मग त्या बायांचं काय झालं असेल?"

सोमनाथ म्हणाला, लोकांनी ऐकावं म्हणून केलं. सिस्टर म्हणाल्या, ऐकलं की सगळ्यांनी. पण घाबरलेली आई एक तर पळते, नाही तर समोर येईल ते करते, आणि आपल्याला तर तिनं नीट विचार करून एक-दोन गोष्टी करायला हव्यात. मग विचारलं, तुमच्या घरात कुणी बारकं पोर आहे का. आहेत, तो म्हणाला, भावाची दोन. थोरला तीन-चार वर्षांचा आणि धाकटी दहा महिन्यांची. त्यांना लस दिलीय का, यावर तो म्हणाला, नसावी. पेठेला नर्सबाई यायच्या त्या दिवशी त्याच्या घरचे कधी पेठेत नसायचे. वाडा आज इथं, परवा तिथं. कुठल्याच गावाच्या लसीच्या दिवशी ही पोरं त्या गावात नव्हती.

"त्या पोरांच्या आईला तुम्ही कसं सांगाल?" सिस्टरांनी विचारलं. "तिच्यापुढं बसून सांगायचं असलं तर. तसं भोंग्यातून सांगा."

त्या संध्याकाळी माझ्या दुकानात नवा पुकारा तयार झाला. सोमनाथ बोलायचा, सिस्टर थांबवायच्या. हे गाळा, याची गरज नाही. इथं सावकाश. हे राहिलं. मी आवाज अर्ध्यावर आणला, तर सोमनाथला वाटलं यंत्र बिघडलं. लहान आवाजात बोलायची सवयच नव्हती त्याला. शेवटी जे ठरलं ते मला अजून पाठ आहे, कारण पुढं कित्येक वर्षं ते ऐकलं.

"खोडदकर मंडळी, सोमनाथ बोलतोय, पेठच्या बिरदेवाचा थोरला. घाबरायचं काय न्हाई, जरा ऐकून घ्या. आपल्या भागात गोवर आलाय. आधी ताप येतो, नाक गळतं, खोकला लागतो, डोळं लाल व्हत्यात. मग कानामागनं, कपाळावरनं पुरळ अंगावर उतरतं. ज्या लेकराला यातलं काय न्हाई, त्याला नऊ म्हैनं पुरं झालं असत्याल तर पाच वर्सापत्तूर शाळंत आणा. आधी लस दिली असंल तरी आणा, शिस्टर बघून सांगतील. ज्याला ताप आन पुरळ हाय त्याला गर्दीत आणू नका, घरीच दुसऱ्या पोरांपासून बाजूला ठेवा आन मला सांगा, शिस्टर तुमच्या दारी येतील. त्याला दूध, पेज, पाणी देत ऱ्हावा. अंगावर पीत असंल तर पाजत ऱ्हावा. लस दिल्यावर येखाद्याला आठ-दहा दिसांनी बारीक ताप येतो, त्यो आपसूक जातो. पर आजारी पोराला धाप लागली, ते काय पीत न्हाई, सारखं झोपून ऱ्हातंय, तर वाट बघू नका. माझी जीप हाय. हाक मारा."

शेवटची दोन वाक्यं त्याची स्वतःची. सिस्टर म्हणाल्या, ही कागदावर नव्हती, पण राहू द्या.

दुसऱ्या खेपेला मीही दुकानाला कुलूप लावून जीपमध्ये बसलो. यंत्रावर लक्ष ठेवतो, असं म्हणालो होतो. खरं तर मला बघायचं होतं. सोमनाथनं प्रत्येक आळीच्या तोंडाशी जीप उभी केली, इंजिन बंद केलं आणि सगळं बोलून झाल्याशिवाय हलला नाही. पहिल्यांदा कुणी बाहेर आलं नाही. मग एका घरातून एक बाई पदराला हात पुसत आली आणि भिंतीआडून तिनं विचारलं, पोराला सर्दी आहे पण ताप नाही, तर आणू का? सोमनाथनं माइक बाजूला ठेवून सिस्टरांना विचारलं आणि तिला सांगितलं, आणा, सिस्टर बघतील. ती बाई जाऊन दोन शेजारणींना घेऊन आली. दुपारपर्यंत शाळेच्या पडवीत पोरांची रांग लागली, आणि झाडाखाली दुसरीकडे बसायला घोंगडी टाकली होती ती रिकामीच राहिली, कारण आजारी पोरं बायकांनी खरोखरच घरी ठेवली होती. सिस्टर त्यांच्या घरी स्वतः गेल्या. जी आदल्या दिवशी माहेरी पळाली होती तीही परत आली आणि हसत हसत रांगेत उभी राहिली.

रखमाजी म्हणून तिथले एक जुने बागायतदार होते. ते नातवाला घेऊन आले होते. सोमनाथला म्हणाले, "आज आवाज बसला का रं?" तो म्हणाला, न्हाई, बसवलाय. रखमाजी हसले आणि मग त्यांची बायको साळुबाई पुढं होऊन म्हणाली की तुझ्या बापाचा वाडा आमच्या कांदा निघालेल्या रानात बसलाय, कालच आलाय. मी सकाळी ताक घेऊन गेले होते, तर तुझ्या आईनं मला वाघरीच्या, म्हणजे जाळ्याच्या कुंपणाच्या, बाहेरूनच परत लावलं. कापडी पालाला लिंबाचा डहाळा होता.

सोमनाथच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पडवीतलं शेवटचं पोर होईपर्यंत तो थांबला, मग सिस्टरांना म्हणाला, मी एकटा जाऊन भागायचं नाही, तुम्ही चला.

रखमाजीच्या रानाच्या अलीकडेच त्यानं जीप बंद केली, मेंढरं बिथरू नयेत म्हणून. आम्ही बांधावरून चालत गेलो. कुत्री भुंकत आली आणि त्याला ओळखून शेपट्या हलवायला लागली. बिरदेव फाटलेली वाघर विणत बसला होता. गेणू मेंढरांमागं होता. पालाच्या तोंडाशी तानूबाई बसली होती आणि आत अंधारात नंदा दोन्ही पोरांना घेऊन. सिस्टर आणि मी वाघरीच्या बाहेर थांबलो. सोमनाथ चपला काढून आत गेला. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

थोरल्या पोराला पुरळ उठलं होतं, ताप होता. धाकटीला अजून काही नव्हतं. तानूबाईनं त्याला विचारलं, मधेच का आला. सोमनाथनं सुरुवात केली, "आये, आपल्या भागात गोवर आलाय, आधी ताप येतो, नाक गळतं..." आणि त्याच्या लक्षात न येता तो माइकवर बोलतो तसाच बोलायला लागला.

"भोंग्यात बोलल्यावानी मला सांगू नगंस," तानूबाई म्हणाली. "सकाळधरनं वाऱ्यावर तेच ऐकतीया."

तो खाली बसला. सात-आठ गावं ज्याच्या आवाजावर गोळा व्हायची, तो आईसमोर मातीत बोटानं रेघा ओढत बसला होता. मग हळू आवाजात म्हणाला की थोरल्याला टोचायचं न्हाई, त्याला नुसतं तोंडातून औषध, डोळ्यांसाठी. टोचायचं ते धाकटीला. मला तिची काळजी वाटती.

"आन बायांचा कोप झाला मंजी?"

"मला न्हाई म्हाईत, आये."

हे बोलणं सर्वात अवघड गेलं, असं त्यानं मला नंतर सांगितलं. भोंग्यावर तो कधी 'माहीत नाही' म्हणालेला नव्हता.

बिरदेवाचे हात वाघरीवर थांबले. मग तानूबाई बोलली ती सोमनाथकडं न बघता. "भागूच्या येळी म्या समदं पाळलं व्हतं. तळलं न्हाई, फोडणी दिली न्हाई, कुणाला आत पाऊल टाकू दिलं न्हाई. तरी ग्येली."

भागू म्हणजे सोमनाथची पाठची बहीण. तो स्वतः तेव्हा पाच-सहा वर्षांचा. वाडा कुठल्या तरी वाटेवर असताना ती गेली एवढंच त्याला माहीत होतं. काय होऊन गेली हे घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. त्या दिवशी त्याला ते पहिल्यांदा कळलं.

मग तानूबाई उठली, पाल थोडं बाजूला केलं आणि म्हणाली, "तुझ्या शिस्टरला म्हणावं चपला भायेर काढ, हातपाय धू, डहाळ्याला हात लावून आत ये. मग काय करायचं ते कर."

सिस्टरांनी चपला आधीच काढल्या होत्या. बिरदेवानं तांब्यानं त्यांच्या हातापायावर पाणी घातलं. त्यांनी डहाळ्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि आत गेल्या. थोरल्याचे डोळे बघितले, छातीवर हात ठेवून श्वास बघितला, चमच्यानं औषध दिलं. उद्या परत एक डोस द्यायला मी येईन म्हणाल्या. त्याच्या अंगावर ओलं फडकं ठेवा, पाणी पाजत राहा, आणि हो, दूध-भाकरी चालेल, उपाशी ठेवू नका. तानूबाईनं विचारलं, फोडणी? सिस्टर म्हणाल्या, फोडणी नको असेल तर नका घालू, पण पोट भरू द्या. तानूबाईला ते पटलं.

तेवढ्यात नंदानं धाकटीला मांडीवर घेऊन तिची बाही वर केली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तीही सकाळपासून ऐकत होती. सिस्टरांनी तिला खरं ते सांगितलं, "भावाबरोबर ही एका पालात आहे, त्यामुळं थोडा उशीर झाला असू शकेल. लागण झाली नसेल तर लस हिला वाचवील. आधीच झाली असेल तर लशीनं त्यात काही वाईट होणार नाही. म्हणून द्यायची." नंदानं मान हलवली. पोरगी टोचल्यावर जोरात रडली आणि तानूबाईनं तिला उचलून कुत्र्याकडं नेलं, ते बघताच ती गप्प झाली.

आम्ही निघणार तेवढ्यात बिरदेवानं सोमनाथला थांबवलं. खालच्या कालव्याला आपल्या लोकांचे आणखी तीन वाडे आहेत, तो म्हणाला. सोमनाथ म्हणाला, त्यांना पुकारा ऐकू गेला असेल की. बिरदेव म्हणाला, "ऐकू जातो. पर तू 'खोडदकर मंडळी' म्हणतोस. आमाला वाटतं ह्ये गाववाल्यांसाटी हाय."

सिस्टर आणि सोमनाथ एकमेकांकडं बघायला लागले. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बिरदेव बांधावर चढला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि त्यानं एक लांब हाळी दिली, मेंढरांना देतात तशी. कालव्याच्या बाजूनं तशीच एक उलट आली. मग त्यानं मोजक्या शब्दांत ओरडून सांगितलं की पोरं घेऊन थांबा, बाई येतीय, माझी नात टोचून झाली. भोंगा नाही, यंत्र नाही. माझा अख्खा जन्म आवाज मोठा करण्यात गेलेला, मी तिथं तोंड उघडं टाकून उभा राहिलो. सोमनाथही बघत होता. म्हणाला, "आता कळलं मला गळा कुणाचा मिळाला."

कालव्यापर्यंत जीपनं जायचं ठरलं. बिरदेव जीपभोवती एक फेरी मारून आला, घोंगडी सावरली आणि पुढच्या सीटवर बसला. मुलाच्या गाडीत बसायची त्याची ती पहिलीच वेळ. थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "बसायला बरी हाय." खड्डे चुकवत इतकी जपून गाडी चालवताना मी सोमनाथला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तिन्ही वाड्यांवर बायका पोरं घेऊन तयार होत्या, सिस्टरांनी त्यांना टोचलं. शेवटच्या वाड्यावर एका लेकराला मात्र धाप लागली होती, नाकपुड्या फुलत होत्या. सिस्टरांनी बघितलं आणि म्हणाल्या, याला आत्ता न्यायचं. त्याची आई आणि सिस्टर मागं बसल्या, आणि सोमनाथनं जीप सरळ नारायणगावच्या सरकारी दवाखान्यात नेली. बिरदेव आणि मी चालत वाड्यावर परत आलो. वाटेत तो मला मेंढरांचं खाणं, लोकरीचा धंदा, असलं काहीबाही सांगत होता, आणि मधेच त्यानं विचारलं, त्या भोंग्याला आतून काय असतं. मी सांगितलं, एक पातळ पडदा असतो, तो हलतो. तो म्हणाला, म्हंजी आपल्यावानीच.

ते लेकरू बरं झालं. काही दिवसांनी त्याचा बाप दवाखान्यातल्या सगळ्यांना द्यायला ताज्या खरवसाचं पातेलं घेऊन आला होता. गेणूचा थोरलाही उठून बसला आणि आठवड्याभरात कोकरांमागं धावायला लागला. धाकटीला गोवर आला नाही. सिस्टर सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी गेल्या होत्या आणि त्यानंतरही एकदा, तेव्हा तानूबाईनं त्यांना वाघरीच्या आत घोंगडीवर बसवून चहा पाजला.

सोमनाथनं पुकाऱ्याची सुरुवात बदलली. 'खोडदकर मंडळी' गेलं. त्याऐवजी 'गावातले असा, वस्तीवरचे असा, वाड्यावरचे असा, ऊसतोडीला आलेले असा, लेकरू कुठलंबी असू द्या' असं आलं. डॉक्टरीणबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी ते बाकीच्या गावांच्या पुकाऱ्यातही घालायला लावलं. पाडव्यापर्यंत साथ ओसरली.

त्यानंतर आरोग्य केंद्राचं काही असलं की सोमनाथलाच बोलावणं यायला लागलं. पोलिओचा रविवार, पाण्यात टाकायचं औषध, डोळ्यांचं शिबिर. जत्रांचे पुकारे तो अजून जुन्या पद्धतीनंच करतो, अर्ध्यावर सोडून जीप पुढं काढतो. पण दवाखान्याचा पुकारा असला की इंजिन बंद. बायकांना आता त्याचं इंजिन बंद झालेलं कळतं आणि त्या चुलीवरचं उतरवून बाहेर येतात. त्याला लसीबरोबर भलतंसलतंही विचारतात, पोरीचा दाखला कुठं मिळेल, बाळ माती खातं त्याला काय करू. माहीत असेल ते सांगतो, नसेल तर म्हणतो विचारून सांगतो, आणि विचारून सांगतोही.

पुढं त्याचं लग्न झालं, दोन हजार सहाला मुलगी झाली. ती नऊ महिन्यांची झाली त्या दिवशी तानूबाई वाड्यावरून खास आली. सोमनाथची बायको तयार होत होती तोवर ही नातीला काखोटीला मारून आरोग्य केंद्राच्या पायरीवर जाऊन बसलीसुद्धा. तेजस्विनी सिस्टरांची बदली झाली होती, नवीन सिस्टर होत्या. तानूबाईनं त्यांना आधी हात धुतले का विचारलं.

मेंढरं आता निम्मी राहिलीत, ती गेणू बघतो. बिरदेव आणि तानूबाई पेठेलाच असतात. सोमनाथनं तिथं पत्र्याचं घर बांधलंय, पुढं पडवी काढलीय. रविवारी कधी मला जेवायला बोलावतो. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर ताक. जेवताना तानूबाई बोलते, बिरदेव मधेच एखादा शब्द टाकतो, पोरगी ताटाभोवती घिरट्या घालते, आणि सोमनाथ भाकरी मोडत नुसता ऐकत असतो.